पऱ्हाटीवर चाललेलं इंजन

माघ सरत आला की आमच्या भागात पऱ्हाट्या उपटायला लागतात. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते. शेतात नुसत्या काड्या उभ्या असतात, त्यांच्या टोकांना रिकामी बोंडं आणि एखाद्या बोंडात अडकून राहिलेला, कोणी न वेचलेला कापसाचा मळकट पुंजका. बायामाणसं चिमटा घेऊन ओळीत शिरतात. बुडाशी चिमटा धरायचा, अंग मागे टाकायचं, की मूळ सुटतं. त्या वेळी जमिनीतून एक बारीक आवाज येतो, कापड फाटल्यासारखा. मुळांना काळी माती चिकटून येते आणि तिचा ओलसर वास वावरभर पसरतो. मग ढीग होतात, ढीग वाळतात, आणि कोणी ना कोणी काडी लावतं. आमच्या समुद्रपूरहून गिरडकडे निघालं की दोन्ही बाजूंनी धूरच धूर. गिरडच्या टेकडीवरचा दर्गाही त्यात दिसेनासा होतो.

या दिवसांत मंगला, माझी बायको, दुपारीच खिडक्या लावून घेते. धुरानं तिला खोकला येतो. मी मात्र गच्चीवर जाऊन उभा राहतो. का जातो ते मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे, म्हणून ती हाक मारत नाही.

पाच वर्षांपूर्वी याच दिवसांत आमची रेणू घरी आली होती.

एकुलती एक मुलगी. भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली. वणीकडच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात दिली होती, स्थळ मीच पाहिलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आठ-दहा दिवसांसाठी आले, असं म्हणाली. पण सोबतची बॅग मोठी होती. मंगलानं बॅगेकडे पाहिलं, मीही पाहिलं, आणि आम्ही दोघांनी तिला हातपाय धुवायला सांगितलं.

मी आदल्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालो होतो. तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, पण स्वतःच्या हातानं काही बनवलं नाही ही खंत होती. वाटायचं, एवढ्या पऱ्हाट्या उगाच जळून जातात, आणि तिकडे शेतातल्या पंपाला वीज धड मिळत नाही, म्हणून डिझेल इंजन ठेवावं लागतं. लाकूड किंवा काड्या पुरेशी हवा न देता जाळल्या तर त्यातून जळणारा वायू निघतो, आणि त्यावर इंजन चालतं, हे मी वर्गात दर वर्षी दोन ओळींत सांगायचो. त्या दोन ओळींचं यंत्र करायचं मी मनात घेतलं होतं. तेलाचा एक जुना ड्रम, दुधाची एक गळकी कॅन, लोखंडी पाइपांचे तुकडे असं सामान परसातल्या पत्र्याच्या शेडखाली जमवलं होतं. वहीत आकृती काढली होती. पुढे काही सरकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रेणू शेडमध्ये आली. तोपर्यंत ती बहुतेक झोपूनच असायची. तिनं वही उचलली, पानं उलटली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, “बाबा, याचा गळा लय रुंद हाये.”

गळा म्हणजे ड्रमच्या आतली निमुळती जागा. वरून काड्या खाली येतात, मध्ये आग असते, आणि तयार झालेला वायू त्या आगीतून, निखाऱ्यांतून खालीच ओढला जातो. गळा रुंद झाला तर बाजूबाजूनं कच्चा धूर निसटतो आणि त्यातलं डांबर इंजनात जाऊन बसतं. फार अरुंद केला तर आगीला श्वास पुरत नाही. हे मला पुस्तकी माहीत होतं. तिनं मात्र पट्टी घेऊन, इंजनाला किती वायू लागेल त्याचा हिशोब करून, तिथंच पेन्सिलीनं नवा आकडा लिहिला. मी विचारलं, एवढं अरुंद? ती म्हणाली, पहिले बनवून तर पाहू.

त्या दिवशी संध्याकाळी ती पोटभर जेवली. मंगलानं मला स्वयंपाकघरातून खूण केली.

मग आमचं रोजचं सुरू झालं. बस स्टँडच्या मागे शकीलभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. ते मला सर म्हणतात, त्यांची दोन मुलं माझ्या हाताखालून गेलेली. जाड पत्र्याचा गळा त्यांनी आम्हाला तीनदा कापून दिला. तिसऱ्यांदा रेणूनं चष्मा लावून हातात वेल्डिंगचा दांडा घेतला आणि एक सांधा स्वतः भरला. शकीलभाईंनी तो थंड झाल्यावर हातोडीनं ठोकून पाहिला आणि मला म्हणाले, “सर, बेटी का हाथ सीधा है.” घरी येईपर्यंत ती ते वाक्य दोनदा म्हणाली होती.

पऱ्हाट्या मोठ्या हट्टी. कडब्याच्या कुट्टी मशीनवर बोटबोटभर तुकडे करावे लागत, आणि सालीचे धागे सुटत नसत, पात्यात गुंडाळून बसत. तुकडे वाळवायला गच्चीच हवी. पण गच्चीवर मंगलाच्या ज्वारीच्या पापड्या आणि कुरड्या. शेवटी रेणूनं खडूनं मधोमध रेघ मारली, इकडे आईचं, तिकडे बाबाचं. वारा सुटला की आमचा भुसा मंगलाच्या कुरड्यांवर जायचा. त्या वर्षीच्या कुरड्या तळल्या की त्यात एखादी साल निघायचीच. मंगला कटकट करायची, पण तिच्या कटकटीत त्या दिवसांत खूप दिवसांनी जीव आला होता, कारण गच्चीवर भांडायला पोरगी होती.

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा पांढराशुभ्र दाट धूर निघाला, इतका की शेजारचे पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले. दुसऱ्यांदा पिवळी ज्योत आली, भकभकली, विझली. आत काड्या एकमेकांत अडकून कमान धरायच्या. खाली निखारे संपायचे आणि वरचा माल तसाच अधांतरी. मग झाकण उघडून सळईनं ढोसायचं. आणि डांबर. काळं, चिकट, मधासारखं ओघळणारं. हात रॉकेलनं धुतले, साबणानं धुतले, तरी भाताच्या घासाला त्याचा वास यायचा.

हा वायू विषारी असतो, आणि त्याला स्वतःचा वास नसतो. हे कळल्यावर रेणूनं शेडमध्ये पेटवणं बंद केलं. सगळं उघड्यावर आणलं. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, डोकं जड वाटलं की लगेच दूर व्हायचं, असे तिचे नियम. माझं डोकं दुखतं का म्हणून ती तासातासाला विचारायची. मीही तिला विचारायचो. हवा किती देऊ? वायूच्या गाळणीत काथ्या भरू की भुसा? निखाऱ्यांखालची जाळी हलवू का? तिनं लाकडी फळीवर पारदर्शक नळी यू आकारात ठोकली, तिच्यात पाणी भरलं, आणि शाळेतून मागून आणलेल्या पोटॅशियम परमँगनेटचे दोन कण टाकून ते गुलाबी केलं. नळीतलं पाणी किती वर चढलं यावरून आत कुठं तुंबलंय ते तिला कळायचं. एवढंच वर चढलं तर जाळी, एवढं चढलं तर गाळणी. मी तिच्या तोंडाकडे पाहायचो आणि ती नळीकडे.

एका सकाळी आम्ही दोघं खाली बसून निखाऱ्यांचा कोळसा चाळत होतो. भुकटी वेगळी, डाळीएवढे तुकडे वेगळे. मान वर न करता ती बोलायला लागली. त्या घरात सकाळी सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते, त्याचं काही नाही म्हणाली. नवरा जे काय सांगायचं ते आपल्या आईला सांगतो आणि आई तिला सांगते. एका तेलाच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला तिची निवड झाली होती, ते पत्र सासऱ्यांनी परस्पर परत पाठवलं. मारतात का, असं मी विचारलं. ती नाही म्हणाली. मग म्हणाली, “तिथं मी दिवसचे दिवस बोलत नाई, बाबा. बोलाचं कामच पडत नाई.”

मला तेव्हा, खरं सांगतो, हायसं वाटलं. मारत नाहीत. म्हणजे सावरण्यासारखं आहे. मी चाळणी उचलली आणि म्हणालो, होईल सगळं बरोबर. तिनं मान डोलावली. आज वाटतं, मारतात का, हा प्रश्न मी तिच्यासाठी विचारलाच नव्हता.

फाल्गुनाच्या मध्यावर एकदा पाइपाच्या तोंडाशी काडी धरली तर काहीच दिसलं नाही. मला वाटलं विझलं. मी हात पुढे केला आणि रेणूनं मनगट धरून मागे खेचला. ज्योत होती. इतकी फिकट निळी की उन्हात दिसत नव्हती. तिनं चादर आणून पाइपामागे धरली, सावली केली, तेव्हा दिसली. धूर नाही, डांबर नाही. ती हसायला लागली. मोठ्यानं, लहानपणी हसायची तसं. मंगला पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं ज्योतीकडे पाहिलंच नाही, पोरीकडे पाहत राहिली.

मग सगळं बैलगाडीत घालून शेतात नेलं. इंजन आधी डिझेलवर सुरू केलं. ते तापल्यावर रेणूनं वायूचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. इंजनाचा आवाज पडला, अडखळला, तीन-चार ठोके चुकला. एक व्हॉल्व्ह हवेचा, एक वायूचा. हवेवर ती, वायूवर मी. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून हातानं खुणा. थोडं कमी. अजून. थांबा. ती डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होती. आणि मग आवाज एकसारखा झाला, भरीव झाला, डिझेल सोडणारा दट्ट्या आपोआप मागे सरला, म्हणजे इंजन आता वायूवर चालत होतं. भुईमुगाच्या सरीत पाणी शिरलं. रेणू चपला काढून सरीत उतरली आणि पाण्यासोबत चालत पार धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत गेली.

त्यानंतर चौथ्या दिवशी वणीहून माणसं आली. जावयाचे मामा आणि आणखी दोन वडीलधारे. जावई स्वतः आला नव्हता. मी बाहेरच्या खोलीत त्यांना बसवलं. बोलणं सभ्य होतं. मामा म्हणाले, पोरीचं माहेरी राहणं बरंच लांबलं, लोक विचारतात. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. तुम्ही तर मास्तर माणूस, तुम्हाला काय सांगायचं. त्यांच्या या शेवटच्या वाक्यानं मी सुखावलो होतो. गावातल्या किती घरांची भांडणं मी अशीच बसून मिटवली होती. थोडं तुम्ही, थोडं ते, असं म्हणून किती सुनांना मी परत पाठवलं होतं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मी म्हणालो, “बरं, परवा मी सोताच आणून सोडतो.”

एका गळ्याचं माप ठरवायला आम्हाला तीन आठवडे लागले होते.

दुसऱ्या दिवशी रेणूनं ड्रम आतून खरवडला, गाळणी धुऊन उन्हात ठेवली, बॅग भरली. एसटीच्या प्रवासात खिडकीशी बसली होती. बाहेर वावरावावरांतून ढीग पेटलेले. मी तिला समजावत होतो. थोडं तू सांभाळून घे, वेळ लागतो, अशी ती माझी सगळी वाक्यं. ती हो म्हणत होती. त्यांच्या घरी पोचल्यावर मला पाणी मिळालं, नाश्ता मिळाला, मान मिळाला. मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. रडली नाही. म्हणाली, “बाबा, जाळी साफ केल्याबिगर पेटवू नका.”

दिवाळीच्या आधी तिनं ते घर सोडलं. आमच्याकडे आली नाही. नागपूरच्या बस स्टँडवरून तिनं आईला फोन केला, की मैत्रिणीकडे जाते, काळजी करू नको. मी मागून म्हणत होतो, फोन मला दे. मंगलानं दिला तोवर तो बंद झाला होता. पुढे ती हैदराबादला गेली. एका कारखान्यात बॉयलरच्या पाण्याची आणि धुराची तपासणी करते. एकटी राहते. कोर्टातलं जे काय होतं ते तिनं स्वतःच पार पाडलं, आम्हाला झाल्यावर कळलं.

ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दर रविवारी आईला फोन करते, शेवटी माझ्याशी बोलते. तब्येत कशी, बीपीची गोळी घेता ना. या पाच वर्षांत ती इकडे दोनदा आली. एकदा चुलत भावाच्या लग्नाला, तेव्हा नालवाडीला आत्याकडे उतरली. एकदा मंगलाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला, तेव्हा दवाखान्यातच राहिली आणि तिथूनच गेली. समुद्रपूरच्या घराची पायरी ती चढलेली नाही. मी तिला कधी म्हटलं नाही, की चल. तसं म्हणायचा धीर होत नाही.

यंत्र मी पाच वर्षं पेटवलं नव्हतं. ड्रमवर गंज आला. यंदा पऱ्हाट्या उपटायला सुरुवात झाली आणि मला राहवलं नाही. जाळी साफ केली. शकीलभाईंनी एक भोक पडलेला पाइप बदलून दिला. पोरीचं नाव त्यांनी काढलं नाही. तुकडे कापले, वाळवले, गच्चीवर रेघ मात्र मारली नाही, कारण मंगला आता कुरड्या घालत नाही. गेल्या आठवड्यात गाडीत घालून शेतात नेलं आणि पेटवलं. ज्योत बरी आली. पण इंजन काही केल्या बसेना. हवेचा व्हॉल्व्ह आणि वायूचा व्हॉल्व्ह यांत चार हातांचं अंतर आहे. एकाकडे जाऊन फिरवावा तोवर दुसरं बिघडलेलं. मी दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालत राहिलो, इंजन उचक्या देऊन बंद पडत राहिलं.

डबा घेऊन आलेली मंगला म्हणाली, “तिले फोन लावा.”

मी लावला. कामाचा दिवस होता, तरी तिनं उचलला. पहिलं वाक्य, “आई बरी हाये ना?” मी म्हटलं बरी आहे, आणि मग इंजनाचं सांगितलं. ती म्हणाली, “नळीतलं पाणी किती चढलं?” मी सांगितलं. “गाळणी तुंबली असंन. काथ्या जुना हाये का?” तोच होता. तिनं तो काढायला लावला, फोन चालू ठेवून. मग हवेचा व्हॉल्व्ह अर्ध्यावर बांधून टाका म्हणाली, आणि वायूचाच हळूहळू उघडा. “फोन इंजनाजवळ धरा, बाबा. ऐकू द्या.” मी धरला. ती तिकडे हैदराबादला ऐकत होती. थोडं कमी. अजून. थांबा. आवाज बसला. पाणी आलं. त्या पंधरा मिनिटांत तिचा आवाज पाच वर्षांपूर्वीचा होता.

मी म्हणालो, होळीला येतेस का? ती म्हणाली, पाहू. मग म्हणाली, मला बोलावतात इथं, ठेवते.

मंगला बांधावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. इंजन चालू होतं, समोर पाणी वाहत होतं. ती माझ्याकडे न पाहता बोलायला लागली.

“ते लोक आलते ना, त्या दिवशी ती आतमधी दाराच्या मांगंच बसली होती. साडी बदलून. मले म्हणे, बाबा मले बोलावतीन. मंग मी सगळ्यायच्या समोर सांगीन, मले नाई जायचं.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“तुम्ही परवा आणून सोडतो म्हटलं. मंग ती उठली अन् तिनं चहा ठेवला.”

मी विचारलं, “तू मले हे तेव्हा काऊन नाई सांगितलं?”

मंगलानं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, “तुम्ही मले तरी कुठं इचारलं होतं?”

ती उठली, डब्याचं झाकण लावलं आणि गाडीकडे गेली. मी काड्या संपून इंजन आपोआप मंद होईपर्यंत तिथंच बसून होतो.

तेव्हापासून तीनदा फोन हातात घेतला. तिला विचारावं, की तुला तेव्हा जायचं नव्हतं ना? मग फोन खाली ठेवला. आता विचारलं तर ती माझी मुलगी आहे, ती मलाच सांभाळून घेईल. म्हणेल, जाऊ द्या बाबा, झालं ते झालं. आणि मला बरं वाटेल. तेवढ्यासाठी तिला पुन्हा त्या दारामागे नेऊन बसवायचं माझ्याच्यानं होत नाही.

बाहेर अजून पऱ्हाट्या जळताहेत. येत्या रविवारी तिचा फोन येईल. ती तब्येतीचं विचारेल, मी म्हणेन, तब्येत बरी आहे.